लच्चव्वाची शिकवणी

एकदा एका वृद्ध आचार्यांकडे त्यांचा सर्वांत हुशार शिष्य निरोप मागायला गेला. हातात नारळ होता, खांद्यावर नवे उपरणे होते, आणि शेवटची परीक्षा संपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान असते तेही होते.

आचार्यांची पाठशाळा गोदावरीकाठच्या एका बाजारपेठेच्या गावात होती. तिथे फक्त भाषा शिकवत. व्याकरण, कोश, छंद, उच्चारशास्त्र असा बारा वर्षांचा अभ्यास होता. तो पुरा झाला की शिष्याने नारळ ठेवायचा, आचार्यांनी स्वहस्ते अनुज्ञापत्र लिहून द्यायचे आणि शिष्याने दुसऱ्यांना शिकवायला मोकळे व्हायचे, असा तिथला शिरस्ता होता. या शिष्याचे नाव त्र्यंबक. त्याला पाच भाषा येत होत्या. त्यांतल्या तीन बोलणारा माणूस आता पृथ्वीवर उरलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी. नदीच्या वरच्या अंगाला एका गावात नवी पाठशाळा निघत होती आणि तिथल्या मंडळींनी मुख्य अध्यापकाची जागा त्र्यंबकासाठी राखून ठेवली होती. दसऱ्याला तिथे पहिला पाठ व्हायचा होता. दसरा अजून दोन महिने दूर होता.

आचार्यांनी नारळाकडे पाहिले, मग त्र्यंबकाकडे.

“आजवर कुणाला शिकवलंस?”

त्र्यंबक गोंधळला. “अजून कुणाला नाही, आचार्य. तिथं गेल्यावर शिकवायचंच आहे की.”

“म्हणजे पहिला प्रयोग तिथल्या मुलांवर. त्यांनी तुझं काय घोडं मारलंय?”

मागे बसलेले शिष्य खुदकन हसले. त्र्यंबकाचे कान लाल झाले.

“नारळ राहू दे इथं,” आचार्य म्हणाले. “आधी एका माणसाला शिकव. एकालाच. मग पत्र लिहितो.”

तो एक माणूस कोण, हेही आचार्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. गावात कापडाचा एक व्यापारी राहत होता. विणकरांच्या घराण्यातला, मूळचा तेलुगू मुलखातला, पण लहानपणीच इकडे आलेला. त्याची बायको सगुणा याच गावात जन्मलेली. तिला मराठीखेरीज काही येत नव्हते. सगुणाला आठवा महिना लागला होता. रीतीप्रमाणे बाळंतपणाला तिने माहेरी जायचे, पण आई नाही, वडील नाहीत, माहेर म्हणावे असे काही उरलेलेच नव्हते. शिवाय दोन वर्षांपूर्वी तिचे पहिले मूल जन्मतःच गेले होते. ती पोटुशी असताना जत्रेला गेली म्हणून तसे झाले, असे शेजारच्या चार जणी बोलल्या, आणि ते बोलणे तिच्या मनात घर करून बसले. आता दिवस जवळ येत होते तशी ती भीतीने वाळत चालली होती. म्हणून व्यापाऱ्याने खालच्या मुलखातून, आठ दिवसांची बैलगाडीची वाट तुडवून, आपल्या आईला आणले. आईचे नाव लच्चव्वा. साठी उलटलेली, उभा जन्म मागावर बसलेली बाई. तिला मराठी येत नव्हते.

“बाळंतपणाच्या वेळी मी तर खोलीत नसणार,” व्यापारी आचार्यांना म्हणाला होता. “या दोघी असतील आणि सुईण असेल. एकीचं दुसरीला कळलं पाहिजे. आमच्या आईला मराठी शिकवा, गुरुजी. एवढी कृपा करा.”

त्र्यंबकाला हे काम थोडे कमीपणाचे वाटले. पाच भाषांच्या पंडिताने एका म्हातारीला मुळाक्षरे शिकवायची! पण आज्ञा ती आज्ञा. शिवाय त्याने मनाशी हिशेब मांडला की महिनाभरात हे उरकेल. पंडितांचे एक बरे असते, त्यांना कुठलीही गोष्ट करण्याआधी सोपी वाटते.

दुसऱ्या दिवसापासून व्यापाऱ्याच्या ओसरीवर पाठ सुरू झाले. लच्चव्वा सकाळी स्नान करून, धुतलेले लुगडे नेसून, देवळात जावे तशी येऊन बसे. त्र्यंबकाला ती ‘पंतुलू’ म्हणे. तिच्या बोलीत गुरुजींना तसे म्हणतात. पहिले दोन दिवस व्यापारी दुभाष्या म्हणून बसला. नंतर त्याला दुकान होते.

खरे तर लच्चव्वा अगदी कोरी नव्हती. आल्यापासूनच्या पंधरा दिवसांत तिने सुनेकडून पाचपंचवीस शब्द उचलले होते आणि ते ती बिनधास्त वापरत असे. “सगुणा, ये. बस. डोका दुखतो? तेल लावतो मी.” हे सारे ऐकून त्र्यंबकाने मोठा श्वास घेतला. एका वाक्यात इतक्या चुका त्याने लहान वर्गातही ऐकल्या नव्हत्या.

त्याने मनापासून शिकवले, हे मान्य केले पाहिजे. आधी वर्ण, मग उच्चारांची स्थाने, मग लिंग, वचन, विभक्ती. लच्चव्वा म्हणे तसे तो ऐके आणि लगेच दुरुस्त करी. “डोका नाही, डोकं. चूक. पुन्हा.” “लावतो नाही, लावते. चूक. पुन्हा.” त्याच्या आवाजात राग नसे, पाठशाळेत त्यालाही असेच शिकवले गेले होते, आणि त्याचे काही बिघडले नव्हते. लच्चव्वा मान हलवी आणि पुन्हा म्हणे. विसाव्या दिवशी तिने ‘घर’ शब्दाच्या सगळ्या विभक्ती एका दमात म्हणून दाखवल्या. व्यापारी दुकानातून मुद्दाम ऐकायला आला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्र्यंबक त्या दिवशी पाठशाळेत परतला तो जवळजवळ गुणगुणतच.

चार दिवसांनी सगुणा पाठशाळेत आली. शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवून, पायरी पायरी थांबत. आचार्य घाईने उठले आणि त्यांनी स्वतःचे बसायचे आसन तिच्यापुढे सरकवले. त्र्यंबक तिथेच पोथी लावत बसला होता.

“गुरुजी, एक मागते. रागवू नका,” ती म्हणाली. “आमच्या अत्तम्मांची, म्हंजे सासूबाईंची, शिकवणी बंद करा.”

“का गं बाई? ती तर छान शिकतेय म्हणे.”

“शिकतायत. पण बोलत न्हाईत.” सगुणाने पदराने घाम टिपला. “आधी माझ्याशी बोलायच्या. सगळं वाकडंतिकडं, पण दिवसभर बोलायच्या. संध्याकाळी माझ्या डोक्याला तेल लावायच्या आन् पोटावर हात ठेवून विचारायच्या, ‘पोट हसला?’ मला हसू यायचं. गुरुजी, दोन वर्षांत मी तेवढीच हसलेय. आता दहा दिवस झाले, तोंडातून शब्द न्हाई. ओठ हलवतात, मग थांबतात, ओसरीकडं बघतात. काल माझ्या पोटात एकदम कळ आली. मी ओरडले. त्या धावत आल्या आन् तोंडावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. बरोबर शब्द शोधत होत्या. मला बरोबर शब्द नको होता हो. त्यांचा आवाज पाहिजे होता. आता तो दिवस येईल तेव्हाबी त्या अशाच उभ्या राहतील, आन् मी पुन्हा एकटीच असेन.”

ती गेली. त्र्यंबकाच्या हातातली पोथी तशीच उघडी होती. त्याला शरम वाटत होती, आणि शरमेहून जास्त भीती. पुस्तकात झालेली चूक पुसता येते. इथे एका बाईच्या तोंडचे होते नव्हते तेवढे बोलणे त्याने काढून घेतले होते आणि दुसऱ्या बाईच्या बाळंतपणाला जेमतेम महिना उरला होता.

“आचार्य, दुसऱ्या कुणाला पाठवा,” तो म्हणाला. “मला हे येत नाही.”

“ते मला दिसतंय,” आचार्य म्हणाले. “उद्या सकाळी माझ्याबरोबर चल.”

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी जे केले ते पाहून गावात चार दिवस चर्चा झाली. शहात्तर वर्षांचे आचार्य, ज्यांच्यापुढे दूरदूरचे विद्वान मान खाली घालून बसत, ते पाटी घेऊन व्यापाऱ्याच्या ओसरीवर गेले. लच्चव्वा नेहमीप्रमाणे खाली बसू लागली, तेव्हा त्यांनी तिला पाटावर बसवले आणि आपण तिच्यासमोर जमिनीवर मांडी घातली. व्यापाऱ्याला म्हणाले, “आईंना सांग, मला त्यांची भाषा शिकायची आहे. त्या गुरू, मी शिष्य. आणि हा त्र्यंबक माझ्या शेजारी बसेल, तोही शिष्यच.”

व्यापाऱ्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. “गुरुजी, तिला अक्षरओळखसुद्धा नाही. ती काय शिकवणार तुम्हाला?”

“सांग तर खरं.”

लच्चव्वाने ऐकले आणि ती कितीतरी वेळ आचार्यांकडे पाहत राहिली. मग उठून आत गेली आणि पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आली. तो समोर ठेवून म्हणाली, “नीळ्लु.”

आचार्यांनी म्हणून पाहिले. त्यांची जीभ वळेना. उभे आयुष्य शुद्ध उच्चारावर काढलेला माणूस, पण दात पडलेले, आणि हा जोडउच्चार नवा. दोनदा म्हटले, तिसऱ्यांदा भलतेच काहीतरी बाहेर पडले. लच्चव्वाच्या ओठांचा कोपरा हलला. तिने पदर तोंडाला लावला. मग तिला राहवलेच नाही आणि ती खळखळून हसली. आचार्यही हसले. हसता हसता तिने तांब्या उचलून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतले. शब्द अजून चुकलेलाच होता.

त्र्यंबकाची पाळी आली, तेव्हा त्याचाही शब्द चुकला. त्यालाही पाणी मिळाले.

तीन दिवस असेच चालले. पाणी झाले, भात झाला, ये आणि जा झाले, ऊन आणि सावली झाली. लच्चव्वा काही पाठ करून घेत नसे. वस्तू हातात देई, नाव सांगे, आणि शिष्याने नाव घेतले की, कसेही घेतले तरी, ती वस्तू त्याला मिळे. दोन-चार वेळा मिळाल्यावर उच्चार आपोआप जागेवर येऊ लागला. रस्त्याने जाणारे लोक थांबून पाहत. कुणी म्हणे, म्हाताऱ्याला वय झाल्यावर ही काय हौस. तिसऱ्या दिवशी आचार्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या तेलुगूत पाणी मागितले. तांब्या रिकामा होता. लच्चव्वा गडबडीने उठली आणि जाता जाता तिच्या तोंडून मराठीत निघून गेले, “थांब, मी आणतो.”

दारात सगुणा उभी होती, तिने श्वास रोखून धरला. आचार्य त्र्यंबकाकडे पाहत होते. त्र्यंबकाच्या जिभेच्या टोकावर तो नेहमीचा शब्द आला होता, अगदी दातांपर्यंत आला होता. त्याने जीभ चावली. मग तो म्हणाला, “आण, अम्मा. मलाही पाहिजे.”

ती पाणी घेऊन आली.

परतताना दोघे नदीकाठाने चालले. आचार्यांचा हात त्र्यंबकाच्या खांद्यावर होता. दम लागला म्हणून ते घाटाच्या पायरीवर बसले.

“पहिल्या दिवशी माझी जीभ वळेना तेव्हा मला काय वाटलं सांगू?” ते म्हणाले. “लाज वाटली. समोर एक म्हातारी आणि एक तांब्या, बस, एवढ्यालाच लाज वाटली. मग तिनं पाणी दिलं, म्हणून मी दुसरा शब्द बोलायला धजलो. त्र्यंबका, तिच्याकडं आधी पाणी मिळतं, शब्द मागून सुधारतो. तू आधी शब्द सुधारायला बसलास आणि तिला तहानेलीच ठेवलंस.”

“चूक दाखवायचीच नाही का मग?”

“दाखवायची. पण तहान भागल्यावर, आणि समोरच्यानं विचारल्यावर तर फारच उत्तम. दोष तुझा नाही रे. मीही तुम्हाला असंच शिकवलं. तुम्ही सगळे हुशार, म्हणून ते खपून गेलं. भाषा कशी असते ते मी बारा वर्षं सांगितलं. ती दुसऱ्याच्या तोंडी कशी रुजते ते एक दिवसही करून बघायला दिलं नाही. चाळीस वर्षं मी पोरांच्या हाती पत्रं देत आलो. ती पोरं कुठं कुठं, कुणाकुणाला गप्प करत असतील, देव जाणे.”

हे बोलताना त्यांची मान खाली गेली होती. त्र्यंबकाने आपल्या गुरूला असे कधी पाहिले नव्हते. तो पायरीवर त्यांच्याजवळ सरकून बसला.

त्यानंतर त्र्यंबकाने पोथ्या गुंडाळून ठेवल्या आणि तो गावातल्या सुईणीकडे गेला. हौसाबाई सुपात ज्वारी पाखडत बसली होती.

“बाळंतपणाच्या खोलीत काय काय बोलतात ते मला सांगा,” तो म्हणाला.

हौसाबाईचे सूप थांबले. “अगं बया! पंडितजी, तुमच्या एवढ्या पोथ्यांत हे न्हाई व्हय?”

“नाही.”

“मग घ्या लिहून. लई न्हाई ते. श्वास घे. सोड. आता जोर नको. आता लाव जोर. माझा हात धर. पाणी पी. आन् सगळ्यात मोठं म्हंजे ‘झालंच बाई, झालंच.’” ती गालात हसली. “झालेलं काई नसतं. पण म्हणायचं असतं.”

या शब्दांचा पाठ त्याने ओसरीवर घेतला नाही. व्यापाऱ्याच्या वखारीत कापडाचे गठ्ठे होते. लच्चव्वाला तो तिथे घेऊन गेला आणि दोघांनी मिळून एक गठ्ठा उचलायचा असे ठरवले. “धर,” तो म्हणाला. “थांब. आता लाव जोर. सोड.” मग हुकूम देण्याची पाळी तिची. तिने “सोड” आधीच म्हटले आणि गठ्ठा त्र्यंबकाच्या पायावर आला. वखारीतले हमाल पोट धरून हसले, लच्चव्वा घाबरून “अय्यो पंतुलू” म्हणत त्याचा पाय चोळू लागली, आणि ‘सोड’ व ‘थांब’ यांतला फरक तिला जन्मात पुन्हा शिकवावा लागला नाही. संध्याकाळी तेच शब्द ती सगुणाशी खेळल्यासारखे बोले. कधी उलटे बोले. सगुणा खोटेखोटे रागावे. घरातून पुन्हा दोन बायकांचे आवाज येऊ लागले. बदल्यात लच्चव्वा त्र्यंबकाला रोज पाच शब्द शिकवी आणि त्याच्या उच्चारांना मनसोक्त हसे.

पितृपक्ष सरत आला तेव्हा वरच्या गावाहून माणूस आला. घटस्थापनेपर्यंत त्र्यंबकाने तिथे पोहोचावे, नाहीतर मंडळींनी दुसरे नाव पाहून ठेवले आहे, असा निरोप होता. सगुणाचे दिवस नेमके नवरात्रात भरत होते.

“मला आता निघता येणार नाही,” त्र्यंबक म्हणाला. “माझा एक पाठ अर्धा आहे.”

“विद्यार्थी किती?” त्या माणसाने विचारले.

“एक.”

“वय?”

“साठीच्या पुढं.”

तो माणूस आचार्यांकडे पाहू लागला, की या पोराला काही समजावा. आचार्य आपली पाटी पुसत होते. तो डोके हलवत परत गेला, आणि ती जागा त्र्यंबकाच्या हातून गेली. त्याला वाईट वाटले नाही असे नाही. बारा वर्षे त्याने अशाच जागेचे स्वप्न पाहिले होते. दोन दिवस त्याला जेवण गोड लागले नाही. पण पाठ चुकला नाही.

नवरात्राच्या पाचव्या दिवशी, सकाळी, व्यापाऱ्याचा नोकर पाठशाळेत धावत आला. आचार्य आणि त्र्यंबक जाऊन अंगणात बसले. व्यापारी फेऱ्या मारत होता. आतून हौसाबाईचा आवाज येई, सगुणाचे कण्हणे येई, आणि मध्येच लच्चव्वाचे शब्द येत. श्वास घे. सोड. पाणी पी. त्र्यंबक प्रत्येक शब्द ओठांत म्हणत होता.

दुपार झाली तरी सुटका होईना. मग आतून सगुणाची किंकाळी आली. “नको! मला नको! माझ्यामुळं गेलं ते, ह्येबी जाईल! मीच केलं!” हौसाबाई ओरडत होती, “बाई, असं करू नगंस, जोर लाव,” पण सगुणा ऐकण्यापलीकडे गेली होती. ती नुसती रडत होती. हौसाबाईचा आवाजही घाबरला. व्यापारी भिंतीला टेकून खाली बसला.

तेव्हा लच्चव्वा बोलली. सावकाश, एकेक शब्द जमिनीवर ठेवावा तशी.

“सगुणा. इकडे बघ. ते बाळ गेला. तुझा चूक नाही. ऐकते? तुझा चूक नाही. बाळ जातो कधी. माझा पण दोन गेला. माझा चूक नाही. तुझा पण नाही.”

आतले रडणे थांबले.

“मी सोडत नाही तुला,” लच्चव्वा म्हणाली. “धर. आता लाव जोर.”

हे त्र्यंबकाने तिला शिकवले नव्हते. ‘धर’ आणि ‘जोर’ त्याचे होते. बाकीचे तिने स्वतः जुळवले होते. आणि ‘चूक’ हा शब्द तिला इतका पक्का कुठून आला, हे त्याला कुणी सांगायला नको होते. दिवसातून शंभर वेळा त्याने तो तिच्यावर टाकला होता. तिने तो उचलून, उलटा करून, सुनेच्या जखमेवर ठेवला होता. त्या एवढ्याशा बोलण्यात व्याकरणाने मोजल्या तर सात-आठ दुरुस्त्या निघाल्या असत्या. त्र्यंबकाने त्या मोजल्या नाहीत. तो रडत होता, आणि त्याला लपवावेसेही वाटत नव्हते. आचार्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

घटकाभराने मूल रडल्याचा आवाज आला. मुलगी झाली होती. सगुणा सुखरूप होती.

दसऱ्याच्या दिवशी आचार्यांनी त्र्यंबकाला अनुज्ञापत्र लिहून दिले आणि पाठशाळेत सर्वांना बोलावून सांगितले की आजपासून अकरा वर्षे शिकायचे आणि बारावे वर्ष शिकवायचे. प्रत्येक शिष्याने गावातला एक माणूस घ्यायचा, ज्याला खरोखर काही बोलायचे किंवा वाचायचे आहे असा. आणि आचार्य स्वतः मागे बसून पाहतील. एक जुने शास्त्री कुरकुरले, “विद्यार्थी इथं शिकायला येतात. शिकवायलाच लावायचं तर छंदशास्त्राचं काय करायचं?” आचार्य म्हणाले, “छंदशास्त्र थोडं वाट पाहील. त्याला घाई नाही.” शास्त्रीबुवांना ते पटले नाही, आणि बहुतेक शेवटपर्यंत पटले नसावे.

बाराव्या दिवशी मुलीचे बारसे होते. आचार्य आणि त्र्यंबक गेले. विणकरांच्या रीतीप्रमाणे परातीत तांदूळ पसरले होते, आणि व्यापाऱ्याने अंगठीने त्यावर मुलीचे नाव लिहिले: यमुना. बायकांनी पाळणा म्हटला. गर्दी पांगली, तेव्हा लच्चव्वा नातीला मांडीवर घेऊन परातीजवळ बसली. तिने त्या अक्षरांवरून, तांदूळ विस्कटणार नाहीत इतक्या हळू, बोट फिरवले.

“पंतुलू, हे काय?”

“नाव. यमुना. हा ‘य’. हा ‘मु’. हा ‘ना’.”

तिने तीन वेळा पाहिले. मग त्र्यंबकाकडे पाहिले. दीड महिन्यापूर्वी तोंड उघडायला घाबरणारी ती बाई आता इतक्या पाहुण्यांसमोर, मोठ्याने, न अडखळता म्हणाली,

“मला पण लिवायचा हाय. उद्या पाठ?”

त्र्यंबकाने आचार्यांकडे पाहिले. आचार्य डोळे मिटून बसले होते, त्यांच्या चेहऱ्यावर मोठे समाधान होते.

“हो अम्मा,” तो म्हणाला. “उद्या पाठ.”

शिकवणाऱ्या प्रत्येकाने दिवसाअखेर एवढेच पाहावे, की आपण ज्याला शिकवले त्याला उद्या पुन्हा यावेसे वाटते आहे का.